एनसीपीएला जाताना आधी सभागृह विचारावे

दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनात प्रयोग आहे म्हटले, की कुठून आत शिरायचे, तिकीटबारी कुठे आणि मध्यंतरात वडा कुठे मिळणार, हे नेहमीच्या प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एनसीपीए, या ठिकाणी मात्र नुसता पत्ता पुरत नाही. तिथे पाच सभागृहे आहेत आणि एकाच संध्याकाळी एकीकडे ख्यालगायन, दुसरीकडे नाटक आणि तिसरीकडे परदेशी ऑपेराचे पडद्यावरचे प्रक्षेपण असे सगळे चालू असू शकते. म्हणून ‘कार्यक्रम कोणाचा’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कोणत्या सभागृहात’ हा प्रश्न तिकीट काढण्याआधीच विचारण्याची सवय लावून घ्यावी. खुर्ची कुठली घ्यायची, किती आधी पोहोचायचे आणि उशीर झाल्यास आत सोडतील का, हे पुढचे बहुतेक प्रश्न त्या एका उत्तरावर सुटतात.

ही संस्था १९६९ साली जे. आर. डी. टाटा आणि डॉ. जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने उभी राहिली. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचे जमशेद हे धाकटे बंधू. समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर, मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला तिचा परिसर आहे. ‘ते आपल्यासाठी नाही, ते दक्षिण मुंबईतल्या लोकांचे’ असा एक समज उपनगरांतल्या मराठी प्रेक्षकांत अजूनही आढळतो आणि तिथली इंग्रजी पाहून तो बळावतो, हे खरे आहे. परंतु पु. ल. देशपांडे या संस्थेचे मानद संचालक होते, संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांनी नाट्यसंशोधन आणि लोकसंगीताच्या अभ्यासाचे मोठे काम इथे केले आणि विजया मेहता यांनी तर अनेक वर्षे संस्थेची सूत्रे सांभाळली. ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाट्यमहोत्सवही इथलाच. तेव्हा बिचकून जाण्याचे काही कारण नाही. अडचण असलीच तर ती अंतराची आहे आणि तिचा विचार पुढे केला आहे.

कोणत्या सभागृहात काय ऐकावे, कुठे बसावे

पाचांपैकी पहिल्या भेटीसाठी निवडावे असे सभागृह म्हणजे टाटा थिएटर, आणि त्यातही हिंदुस्थानी संगीताची मैफल. अमेरिकन वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांनी आखलेले आणि ध्वनिशास्त्रज्ञ सिरिल हॅरिस यांनी ध्वनियोजना केलेले हे सभागृह १९८० साली खुले झाले. त्यात १,०१० आसने आहेत, पण आत गेल्यावर हा आकडा खरा वाटत नाही. आसनांची मांडणी पंख्यासारखी, रंगमंचाला कवेत घेणारी असल्याने शेवटची रांगही कलाकारापासून फारशी दूर पडत नाही. आपले संगीत मुळात दिवाणखान्यात, देवळात आणि दरबारात समोरासमोर बसून ऐकायचे. तो जवळपणा हजार माणसांत कसा टिकवायचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही रचना पाहिली की तिचे मोल कळते. ध्वनिवर्धकाच्या आधाराविना आवाज शेवटपर्यंत पोहोचावा, या हिशेबाने भिंती आणि छत घडवलेले आहे. आजकालच्या मैफलींत ध्वनिवर्धक असतोच. तरीही त्याची पातळी बेताची ठेवली असेल, तर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, सभागृहात कशी पसरते ते इथे स्पष्ट ऐकू येते. यासाठी पडदा उघडण्याच्या वेळी धावतपळत न येता, वाद्ये लावून घेतली जात असतानाच जागेवर असावे. तबलजी गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या तोंडाभोवतीच्या विणलेल्या कडेवर, हातोडीचे हलके ठोके देत एकेक घर स्वराला आणतो, तंबोरे एकमेकांत मिसळतात आणि मग गायक आपला षड्ज लावून पाहतो. ही चार-पाच मिनिटे मैफलीचाच भाग आहेत, असे माझे मत आहे.

टाटा थिएटरमध्ये खुर्ची निवडताना पंख्याचा आकार ध्यानात ठेवावा. अगदी कडेची आसने स्वस्त मिळाली, तरी तिथून रंगमंच तिरका दिसतो. गायनाला त्याने फारसे बिघडत नाही, पण नृत्याला बिघडते. कथक किंवा भरतनाट्यम असेल, तर मधल्या भागातली आणि थोडी मागची रांग घ्यावी, म्हणजे पदन्यासाबरोबर नर्तकांनी व्यापलेला सारा अवकाश दिसतो. केवळ गायन असेल, तर मधल्या भागात जिथे मिळेल तिथे बसावे; पुढच्या दोन रांगांसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज या सभागृहात तरी नाही. सारंगी, संतूर, सतार अशा वाद्यांसाठी मात्र कलाकाराचा हात पाहण्याचा आनंद वेगळा असतो, तेव्हा तो अपवाद समजावा.

दुसरे मोठे सभागृह म्हणजे जमशेद भाभा थिएटर. ऑपेरा, बॅले आणि वाद्यवृंद यांना लागणारा खोल रंगमंच आणि वादकांसाठी रंगमंचापुढे असलेला खड्डा, अशी पाश्चात्त्य पद्धतीची सोय इथे आहे. बांधकाम पूर्ण होत आले असताना १९९७ साली लागलेल्या आगीत ते जळाले. पुन्हा उभारून १९९९ साली खुले करण्यात आले. आसने १,१०९. आत शिरल्यावर दिसणारा संगमरवरी जिना मुंबईतील जुन्या पेटिट हॉल या वाड्यातून आणून इथे बसवलेला आहे. घाईत वर चढण्याआधी तो क्षणभर थांबून पाहावा. २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या वाद्यवृंदाचे हे घर असून, त्याचे मुख्य हंगाम फेब्रुवारी आणि सप्टेंबर या दोन महिन्यांच्या आसपास असतात. उस्ताद झाकिर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंदासाठी रचलेली ‘पेशकार’ ही कृती याच वाद्यवृंदासाठी होती आणि २०१५ साली ती प्रथम सादर झाली. पाश्चात्त्य संगीताची सवय नसलेल्या मराठी श्रोत्याने अशा एखाद्या ओळखीच्या दाराने आत शिरावे, असे मी सुचवेन.

इथल्या खुर्चीचा हिशेब टाटा थिएटरपेक्षा वेगळा आहे. वाद्यवृंद ऐकायला पुढची रांग घेऊ नये. तिथून पहिल्या काही व्हायोलिनवादकांच्या पलीकडचे काही दिसत नाही आणि तंतुवाद्ये बाकीच्या वाद्यांवर कुरघोडी करतात. वरच्या मजल्यावरच्या तुलनेने स्वस्त जागेवरून संपूर्ण वाद्यवृंद तबकात मांडल्यासारखा दिसतो, ध्वनीही एकजीव होऊन येतो. पियानोवादन असेल, तर रंगमंचाकडे तोंड करून बसल्यावर डाव्या हाताला येणारी बाजू घ्यावी, कारण वादकाची बोटे तिकडूनच दिसतात. ऑपेरा असेल, तर कथासार घरूनच वाचून जावे; गायक इटालियन किंवा जर्मनमध्ये गात असताना मोबाइलवर कथा शोधणे शेजाऱ्याला त्रासदायक होते.

टाळ्यांविषयीही इथेच सांगितलेले बरे. आपल्या मैफलीत सुरेख जागा आली, तान समेवर नेमकी उतरली की ‘वा’ निघतो, आणि तो निघालाच पाहिजे. कलाकारालाही तो हवा असतो. वाद्यवृंदाच्या मैफलीत मात्र एक रचना तीन किंवा चार भागांची असते, दोन भागांच्या मधे शांतता पडते आणि त्या शांततेत टाळ्या न वाजवण्याचा संकेत आहे. कार्यक्रमपत्रिकेत भागांची नावे क्रमाने दिलेली असतात, ती मोजत राहावीत. तेही जमले नाही, तर वाद्यवृंदाचा संचालक हात पूर्ण खाली आणून श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबावे. चुकून वाजलीच एखादी टाळी, तर कोणी बाहेर काढत नाही.

उरलेली तीन सभागृहे लहान आहेत आणि नाटकाच्या प्रेक्षकाला कदाचित तीच अधिक जवळची वाटतील. सुमारे ३०० आसनांचे एक्स्पेरिमेंटल थिएटर १९८६ साली सुरू झाले. नावाप्रमाणेच तिथली आसनव्यवस्था प्रयोगागणिक बदलता येते. कधी प्रेक्षक समोर, कधी दोन्ही बाजूंना. प्रायोगिक मराठी नाटक आणि एकांकिका पाहणाऱ्यांना दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक रंगभूमीच्या परंपरेतली ही जवळीक ओळखीची वाटेल. अशा सभागृहांत अनेकदा तिकिटावर आसनक्रमांक नसतो, म्हणजे आधी येईल त्याला आधी जागा, तेव्हा अर्धा तास आधी रांगेत उभे राहणे फायद्याचे ठरते. उशिरा येणाऱ्याला इथे प्रवेश मिळण्याची आशाही कमी असते, कारण दरवाजापासून खुर्चीपर्यंतची वाट नटांच्या डोळ्यांसमोरून जाते. २०० आसनांच्या गोदरेज डान्स थिएटरमध्ये नृत्याबरोबरच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची आणि लंडनच्या नॅशनल थिएटरच्या नाटकांची पडद्यावरची प्रक्षेपणे होतात. लिटल थिएटर सर्वांत लहान, ११४ आसनांचे, आणि या परिसरात सर्वांत आधी, १९७५ साली सुरू झालेले. व्याख्याने, गप्पा, नवोदितांच्या मैफली असे कार्यक्रम तिथे होतात. त्यांतले काही विनामूल्य असतात. पण विनामूल्य याचा अर्थ आरामात यावे असा नव्हे, सभागृह भरले की दार बंद होते.

तिकीट

संस्थेच्या संकेतस्थळावर महिन्याचे कार्यक्रम सभागृहानुसार पाहता येतात. तिकिटे तिथे, बुकमायशोवर आणि परिसरातल्या तिकीटखिडकीवर मिळतात. सभासदांना विक्री आधी खुली होते आणि दरात सवलत मिळते, त्यामुळे नामवंत गायकांच्या मैफलीची आणि वाद्यवृंदाच्या हंगामाची मधली आसने सर्वसाधारण विक्री सुरू होण्याआधीच कमी झालेली असतात. वर्षाकाठी अनेकदा जाण्याचा विचार असेल, तर सभासदत्वाचा हिशेब मांडून पाहावा. एखाद-दुसऱ्या भेटीसाठी त्याची गरज नाही.

वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींवर विसंबून राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इथे होणारा प्रत्येक कार्यक्रम संस्थेचा स्वतःचा नसतो. बाहेरचे निर्माते आणि आयोजकही सभागृह भाड्याने घेतात. अशा कार्यक्रमांची तिकिटे, परताव्याचे नियम आणि प्रवेशिका हे सारे आयोजकाच्या हाती असते, तेव्हा चौकशी करायची ती त्याच्याकडेच. तिकीट हाती आल्यावर दिनांक आणि वेळ यांच्याबरोबर सभागृहाचे नाव, भाषा, कालावधी आणि मुलांसाठीची वयोमर्यादा या चार गोष्टी वाचून घ्याव्यात. वयोमर्यादा विशेषतः वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांना काटेकोरपणे पाळली जाते, आणि आजी-आजोबांसह आलेल्या कुटुंबाला दारात ‘छोट्याला आत सोडता येणार नाही’ असे ऐकावे लागणे सर्वांनाच कष्टाचे होते. ज्येष्ठांना पायऱ्यांचा त्रास असेल किंवा चाकाची खुर्ची लागणार असेल, तर तिकीट काढतानाच तसे कळवून सोयीची जागा मागावी. कार्यक्रमाच्या दहा मिनिटे आधी सांगितल्यास कर्मचाऱ्यांच्याही हातात फारसे काही राहत नाही.

पोहोचणे, खाणे आणि बसणे

ठाणे, कल्याण, डोंबिवली इथून येणाऱ्यांनी एक साधी गोष्ट आधी मनात पक्की करावी, की दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. स्थानकापासून पुढचा प्रवास पायी, बसने, टॅक्सीने किंवा आता मेट्रोने करायचा असतो. पश्चिम रेल्वेने आल्यास चर्चगेटला उतरून बेस्टची बस किंवा टॅक्सी घ्यावी. कार्यालयीन वेळेत नरिमन पॉइंटकडे जाणाऱ्या शेअर टॅक्सीही मिळतात. हातात वेळ असेल आणि ऊन उतरले असेल, तर चर्चगेटहून समुद्राकडे वळून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याने दक्षिणेकडे चालत जाणे सर्वांत सुखाचे. साधारण अर्ध्या तासात माणूस पोहोचतो. पावसाळ्यात मात्र हा मोह टाळावा. नरिमन पॉइंटच्या वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, आणि भरतीच्या वेळी लाटा कट्टा ओलांडून पदपथावर येतात. ओल्या साडीत किंवा झब्ब्यात वातानुकूलित सभागृहात दोन तास बसणे ही शिक्षाच आहे.

मध्य रेल्वेने येणाऱ्यांसाठी मेट्रो तीनने बराच फरक पडला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून भुयारी मेट्रोने कफ परेडच्या दिशेने हुतात्मा चौक, चर्चगेट आणि मग विधान भवन स्थानक लागते. तिथून एनसीपीए पंधराएक मिनिटांच्या चालीवर आहे. आरे, मरोळ, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर या भागांतल्या प्रेक्षकांना तर लोकलची गर्दी पूर्णपणे टाळता येते. मोटारीने येणाऱ्यांना किनारी मार्गामुळे वरळी ते मरीन ड्राइव्ह हे अंतर लवकर कापता येते, पण वाचलेला वेळ गाडी लावण्यात खर्ची पडू शकतो. एकाच संध्याकाळी दोन्ही मोठ्या सभागृहांत कार्यक्रम असतील, तर हमखास. रविवारी दुपारच्या कार्यक्रमाला लोकलने निघण्यापूर्वी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहणे हे मुंबईकराला सांगायला नकोच, पुणे-नाशिकहून येणाऱ्याला सांगितलेले बरे.

परिसरात शिरल्यावर फाटकावरील रखवालदाराला ‘एनसीपीए हेच का’ असे न विचारता सभागृहाचे नाव सांगून दार विचारावे. मोठ्या सभागृहांची प्रवेशद्वारे एकमेकांपासून लांब आहेत, आणि चुकीच्या फाटकाने शिरल्यास तिसऱ्या घंटेच्या वेळी वळसा घालण्याची पाळी येते. कार्यक्रमाच्या निदान अर्धा तास आधी पोहोचावे, चाळीस मिनिटे असल्यास उत्तम. लवकर पोहोचलेल्याला दिलीप पिरामल कलादालनात छायाचित्रांचे प्रदर्शन भरले असल्यास तेही पाहता येते.

खाण्याची सोय परिसरात आहे, पण तिथले दर पाहून शिवाजी मंदिरातल्या वड्याची आठवण येणारच. नरिमन पॉइंट हा कचेऱ्यांचा भाग असल्याने दुपारी जेवणाच्या वेळी गजबजलेल्या गाड्या संध्याकाळी उठतात आणि रविवारी सगळा परिसर ओस असतो. त्यामुळे पोटभर खायचे असेल, तर ते चर्चगेटलाच उरकावे. वीर नरिमन मार्गावर के. रुस्तमचे आइस्क्रीम सँडविच खाऊन पुढे निघणारे बरेच जण दिसतात. सभागृहात खाद्यपदार्थ नेता येत नाहीत. घरून आणलेला डबा पिशवीतच ठेवावा आणि तो उघडण्याचा विचार मध्यंतरातही सभागृहाबाहेर, मोकळ्या जागेत करावा.

पोशाखाचा कोणताही नियम नाही. वाद्यवृंदाच्या पहिल्या रात्री सूट आणि भरजरी साड्या दिसतात, पण त्यांच्याच शेजारी चपला आणि सुती सदरा घालून आलेले श्रोतेही दिसतात, आणि कोणी कोणाकडे वळून पाहत नाही. मात्र शाल किंवा स्वेटर जवळ ठेवावा. मे महिन्यातही ठेवावा. मोठ्या सभागृहांतली थंडी पहिल्या अर्ध्या तासात सुखाची वाटते, दुसऱ्या तासात ज्येष्ठांचे गुडघे धरते.

भ्रमणध्वनी बंद करण्याविषयी घोषणा होतेच. तो नुसता मूक केल्याने भागत नाही, कारण अंधारात उजळलेला पडदा मागच्या चार रांगांना दिसतो. छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण यांना मनाई असते, आणि तेथील कर्मचारी त्या बाबतीत भिडस्त नाहीत. खोकला येणाऱ्याने खडीसाखर किंवा लवंग आधीच तोंडात धरावी. गोळीचे चुरचुरणारे वेष्टण आलापाच्या वेळी उलगडू नये. उशीर झालाच, तर दारावरच्या माणसाशी वाद घालू नये. मैफलीत एक राग संपून दुसरा सुरू होण्याआधी, वाद्यवृंदात एक रचना संपल्यावर तो आत सोडतो, आणि तोवर जी जवळची रिकामी खुर्ची दाखवील तिथे बसावे लागते.

परतताना

कार्यक्रम किती वाजता संपेल, हे आत जाण्यापूर्वी कळून घ्यावे. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीला छापील वेळ असली, तरी भैरवीला उशीर होतो आणि त्यासाठीच तर आपण थांबलेलो असतो. मेट्रो तीनची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते, तेव्हा उशिरा संपणाऱ्या कार्यक्रमानंतर तिच्यावर विसंबू नये. कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या लोकल मध्यरात्रीच्या आसपास निघतात. त्या गाठायच्या असतील, तर टर्मिनसपर्यंत टॅक्सीला लागणारा वेळ आणि टॅक्सी मिळण्यासाठी लागणारा वेळ असे दोन्ही धरून चालावे. हजारभर माणसे एकाच वेळी बाहेर पडतात आणि फाटकाशी अॅपवरची गाडी बोलावणाऱ्यांची गर्दी होते. अशा वेळी फाटकाशी तिष्ठत न राहता मंत्रालयाच्या दिशेने पाचएक मिनिटे चालत पुढे यावे, म्हणजे चर्चगेटकडे जाणारी रिकामी टॅक्सी लवकर मिळते. दोघे-तिघे चर्चगेटलाच जाणारे शेजारी दिसले, तर विचारून एकत्र बसावे. मैफलीवरची चर्चा पुरी व्हायला तेवढे अंतर पुरते.